विश्लेषण : पिल्लू नर की मादी, हे उबवणीच्या पेटीचे तापमान कसे ठरवते?

कपाटामागे किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीआड घरातल्या पालीची पांढरी, टणक अंडी अनेकांनी पाहिली असतील. ती कोणी उबवत नाही. दिवस भरले की पिल्ले निघतात आणि भिंतीवर पसार होतात. ‘लेपर्ड गेको’ या पाळीव पालीची वीण घरी करणाऱ्यांना मात्र अंडी उचलून पेटीत ठेवावी लागतात आणि पेटीचे तापमान किती ठेवायचे, हेही ठरवावे लागते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. म्हणूनच हा निर्णय केवळ हौसेचा राहत नाही.

लेपर्ड गेको म्हणजे कोणती पाल?

अंगावर बिबट्यासारखे ठिपके असल्याने तिला हे नाव मिळाले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशात ती आढळते. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. घरातल्या पालीपेक्षा ती दोन बाबतींत वेगळी आहे. तिला उघडझाप होणाऱ्या पापण्या असतात आणि तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच वावरते. स्वभावाने शांत आणि बंदिस्त जागेत सहज विणारी असल्याने युरोप-अमेरिकेत ती गेली काही दशके मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. नीट सांभाळल्यास ती १५ ते २० वर्षे जगते.

विणीपूर्वी कोणती तयारी लागते?

पहिली अट मादीच्या प्रकृतीची. ती किमान वर्षभराची आणि साधारण ४५ ते ५० ग्रॅम वजनाची असावी, शेपटी जाड असावी. या पालीच्या शेपटीत चरबी साठते आणि अंडी तयार होताना तोच साठा कामी येतो. अंड्यांसाठी कॅल्शियमही भरपूर लागते. ते आहारातून मिळाले नाही, तर मादीच्या हाडांतून काढले जाते. म्हणून खाऊ घालायच्या रातकिड्यांवर कॅल्शियम आणि ‘ड ३’ जीवनसत्त्वाची भुकटी भुरभुरवतात. नवी पाल आणल्यावर तिला काही आठवडे वेगळे ठेवणे आवश्यक असते, कारण आतड्यातील काही परजीवी एका पालीकडून सगळ्या कळपात पसरतात.

मीलनानंतर तीन-चार आठवड्यांत मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरट लंबगोल आकार दिसू लागतात. तिला ओलसर कोकोपीट किंवा मॉस भरलेला डबा दिला, की ती त्यात उकरून अंडी पुरते. एका वेळी बहुधा दोनच अंडी असतात. मात्र मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवू शकते. त्यामुळे एकदाच नराजवळ सोडलेली मादीही त्या हंगामात दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा अंडी घालू शकते.

अंडी कशी हाताळतात?

कोंबडीची अंडी उबवताना ती वरचेवर फिरवावी लागतात. खुडूक कोंबडीही चोचीने तेच करते. पालीच्या अंड्याबाबत हाच प्रकार जीवघेणा ठरतो. अंडे घातल्यानंतर थोड्याच काळात गर्भ वरच्या बाजूला आतल्या पडद्याला चिकटतो. नंतर अंडे उलटले, तर तो मरू शकतो. म्हणून अनुभवी पालक अंडे उचलण्याआधीच पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करतात आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील, असे पाहतात.

घरातल्या पालीच्या अंड्याचे कवच टणक असते, तर लेपर्ड गेकोचे अंडे चामड्यासारखे मऊ असते. ते भोवतालची ओल शोषून घेते आणि उबवणीच्या काळात फुगते. त्यासाठी झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट घेऊन त्यात साधारण तितक्याच वजनाचे पाणी मिसळतात. त्यात खळगे करून अंडी अर्धी रुतवून ठेवतात आणि डबा उबवणीच्या पेटीत ठेवतात. ओल कमी पडली तर अंड्याला खळी पडते, जास्त झाली तर बुरशी धरते. थेट अंड्यावर पाणी शिंपडायचे नसते.

आठवड्याभराने अंधारात अंड्यामागे छोटी विजेरी धरली, की आत गुलाबी झाक आणि लाल शिरा दिसतात. पिवळट आणि शिरा नसलेले अंडे बहुधा फलित नसते. तरीही घाईने फेकून न देता त्याची आणखी काही दिवस वाट पाहणे बरे.

तापमानामुळे नर-मादी कसे ठरते?

माणसात बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच गुणसूत्रांनी ठरते. लेपर्ड गेकोमध्ये तशी लिंगगुणसूत्रे नाहीत. अंडे घातले जाते तेव्हा पिल्लू ना नर असते ना मादी. उबवणीच्या पहिल्या काही आठवड्यांत अंड्याला जी ऊब मिळते, त्यावर ते ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे घडते, हे फ्रेंच संशोधक मॅडलिन शार्निए यांनी १९६६ मध्ये आफ्रिकेतील एका सरड्यावर दाखवले.

लेपर्ड गेकोचे गणित सरळ रेषेत चालत नाही. सुमारे २६ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या निघतात. ३० अंशांना माद्याच जास्त, पण नरही दिसू लागतात. ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर निघतात. त्याहून वर, ३४ अंशांच्या पुढे, पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढते. पण तिथून धोक्याची सीमा जवळ असते. ३५ अंशांच्या वर गर्भ दगावू लागतात.

उबवणीचा काळही यावरच ठरतो. ३२ अंशांच्या आसपास साधारण दीड महिना, तर २६ अंशांना दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. नर जास्त निघतात त्या तापमानाला जन्मलेल्या माद्या थंड पेटीतून निघालेल्या माद्यांपेक्षा अधिक आक्रमक असतात.

कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचे लिंगही वाळूच्या तापमानावरच ठरते. फरक इतकाच, की तिथे वाळू जितकी गरम, तितक्या माद्या जास्त.

मग कोणते तापमान निवडावे?

अनेक पालक २७-२८ अंशांच्या आसपास पेटी ठेवतात. याचे कारण नंतरच्या सांभाळात आहे. दोन प्रौढ नर एका जागेत राहू शकत नाहीत, ते जीवघेणे भांडतात. ३२.५ अंशांवर डझनभर अंडी उबवली, तर त्यातल्या बहुतेक पिल्लांसाठी पुढे एकेक स्वतंत्र पेटी लागणार. स्वस्त थर्मोस्टॅटवर विसंबून चालत नाही. पेटीत अंड्यांच्या उंचीवर दुसरा तापमापक ठेवावा लागतो. वीज गेल्याने पेटी काही तास थंड पडली, तर अंडी सहसा तग धरतात. पण थर्मोस्टॅट बिघडून पेटी तापली, तर सगळी अंडी एका दुपारीत जाऊ शकतात.

बाहेर आलेले पिल्लू जेमतेम तीन ग्रॅमचे असते. पहिली कात टाकून ते बहुधा तीच खाते आणि तीन-चार दिवसांनी छोटे रातकिडे टिपू लागते. तोवर त्याला अन्नासाठी छळू नये. पाल हाताळल्यावर साबणाने हात धुणे मात्र प्रत्येक वेळी आवश्यक. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

नव्या रंगांच्या हौसेची किंमत काय?

वेगवेगळ्या रंगांच्या पाली मिळाव्यात म्हणून निवडक जोड्या लावल्या जातात. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा पिवळाधमक, पांढरी झाक असलेला प्रकार असाच लोकप्रिय झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या रंगाच्या ८० टक्क्यांहून अधिक पालींना त्वचेच्या गाठी होतात. रंग आणि आजार यांचे मूळ एकाच जनुकाशी जोडलेले आढळले. ‘एनिग्मा’ या प्रकारात तोल जाणे, गोल फिरत राहणे अशी लक्षणे दिसतात. असे दोष असलेल्या पालींची वीण न करणे, हाच त्यावरचा उपाय.

भारतात काय लक्षात ठेवावे?

या कुळातील पाली आपल्याकडेही रानात आहेत. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये तिची एक भावंड-प्रजाती आढळते, तर मध्य भारतातील सातपुड्यातून २०१४ मध्ये आणखी एका प्रजातीची नोंद झाली. त्या वन्यजीव आहेत. त्यांना रानातून उचलून पेटीत ठेवणे ही हौस होऊ शकत नाही. २०२२ मध्ये दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजाती बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आहे. त्यामुळे कोणतीही पाल विकत घेण्यापूर्वी ती आली कुठून आणि ती पाळता येते का, हे वनविभागाकडून समजून घ्यायला हवे.

उरतो प्रश्न संख्येचा. एका हंगामात पाच-सहा वेळा अंडी म्हणजे दहा-बारा पिल्ले, आणि प्रत्येकाचे आयुष्य १५ ते २० वर्षांचे. त्यांना घर कोण देणार, याचे उत्तर नसेल तर अंडी पेटीत न ठेवणे हाही जबाबदार निर्णय असतो. पिल्लांची पुढची सोय आधी ठरवावी, पेटीचे तापमान त्यानंतर.