दहाचे सहा: जुन्या लष्करी ट्रकला मोठे टायर लावताना

(एपिसोडचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळणे आणि ‘म्हणजे काय की’ कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिला असणार. अमेरिकेत कुणीतरी लिलावात जुना हिरवा लष्करी ट्रक घेतो, मागचे जोडटायर उतरवतो आणि छातीला लागतील एवढे सहा मोठे टायर चढवतो. तीस सेकंदांत काम फत्ते, मागे दणदणीत म्युझिक. त्या तीस सेकंदांत जे दाखवत नाहीत, ते आज मी सांगणार आहे.

हा ट्रक कोणता?

एम-३५ए२. अमेरिकन सैन्याचा अडीच टनी, सहाच्या सहा चाकांना ताकद देणारा ट्रक. लोक त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, म्हणून ‘दोन आणि अर्धा’. अडीच टन हे त्याचं कच्च्या रस्त्यावरचं वजन. पक्क्या रस्त्यावर तो पाच टन नेतो. मूळ टायर ९.००-२० मापाचे. पुढे दोन, मागच्या दोन ॲक्सलवर चार-चार, एकूण दहा.

मागे जोडटायर का? कारण वजन. एक टायर दमेल तिथे दोघं मिळून ओझं उचलतात, आणि एक पंक्चर झाला तरी दुसरा थोडा वेळ गाडी सांभाळतो. पक्क्या रस्त्यावर ही उत्तम सोय आहे.

चिखलात आणि वाळूत मात्र हीच सोय आडवी येते. पुढच्या टायरने पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी मावत नाही. तिला स्वतःची नवी, रुंद वाट फोडावी लागते आणि त्यात इंजिनाची ताकद वाया जाते. दोन टायरच्या फटीत दगड अडकतात, चिखल थापला जातो. मागे एकच रुंद टायर असेल तर तो पुढच्याच्या वाटेने मुकाट जातो. शिवाय रुंद टायरमधली हवा कमी केली की तो जमिनीवर पसरतो. टायरमधला दाब जितका कमी, तितका जमिनीवरचा दाबही कमी. म्हणून गाडी रुतत नाही.

सैन्याला हे जुनंच ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीच्या अडीच टनी ट्रकवरून ‘डक’ नावाची पाण्यात आणि जमिनीवर चालणारी गाडी बनवली, तेव्हा तिला दहा नाही, सहाच टायर दिले. शिवाय ड्रायव्हरला जागेवर बसूनच टायरमधली हवा कमीजास्त करता यायची. समुद्रातून थेट वाळूवर चढायचं होतं ना!

चाक म्हणजे शेवटचा गिअर

आता आजची मुख्य गोष्ट. टायर हा गाडीचा शेवटचा गिअर आहे. तो बदललात की सगळं गणित बदलतं.

हिशेब करूया. ९.००-२० टायरचा व्यास साधारण ४० इंच. लोक हौसेने लावतात तो ३९५/८५ आर २० साधारण ४६ इंच. म्हणजे जवळजवळ १५ टक्के मोठा. जुना टायर एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जातो, नवा ३.७ मीटर. एक किलोमीटरला जुन्याला ३१० च्या आसपास फेऱ्या लागतात, नव्याला २७०.

फायदा दिसतोच: इंजिन तेवढंच फिरतं, गाडी जास्त पळते. या ट्रकचा मूळ कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात. नव्या टायरवर तोच शंभरी ओलांडतो. हायवेवर मागून हॉर्न वाजायचे थांबतात.

पण ही ताकद फुकट येत नाही. जमिनीवर पोचणारी ओढ साधारण १३ टक्के घटते. १३०-१४० अश्वशक्तीचं इंजिन आणि सहा टनांच्या आसपास रिकामी गाडी. घाट लागला की एक गिअर खाली यावंच लागतं. स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्याला टायर मोठा झाल्याचं कोण सांगणार? काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ९२ वर असाल. फोनच्या जीपीएसवर ताडून बघा, लगेच कळेल.

ब्रेकचं कुणी बोलत नाही

ड्रम तेच, ब्रेकची ताकद तीच, पण चाक मोठं. म्हणजे जमिनीवर रोखणारा जोरही त्याच १३ टक्क्यांनी कमी. त्यात वेग १५ टक्के वाढला, तर गाडीतली ऊर्जा १५ नाही, ३० टक्क्यांच्या वर वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेतलं सूत्र इथे थेट रस्त्यावर येतं.

आणि एम-३५ए२ चे ब्रेक कसे आहेत? हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक, पण ऑइलचं सर्किट एकच. कुठेही एक नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्या नळ्या कधीकधी ट्रकएवढ्याच जुन्या असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: टायरच्या आधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि ड्रम बघा. त्यात पैसे संपले तर संपले, टायर पुढच्या वर्षी.

स्टिअरिंगचंही तसंच. या मॉडेलला मूळचं पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर उभ्या गाडीत वळवायचा म्हणजे दंड-बैठकाच. त्यामुळे या कामात बहुतेकांना पॉवर स्टिअरिंगचाही खर्च धरावा लागतो.

बसतो का?

मागच्या दोन ॲक्सलमधलं अंतर साधारण ४८ इंच. ४६ इंची टायर लावलेत तर दोघांमध्ये जेमतेम दोन इंच उरतात. ४८-४९ इंची १४.०० आर २० तिथे मावतच नाही. म्हणूनच काही लोक एक ॲक्सल काढून ट्रक आखूड करतात, त्याला ‘बॉब्ड ड्यूस’ म्हणतात. साधा मार्ग हवा असेल तर ११.००-२० टायर, उंची थोडी वाढते, भानगडी कमी.

मग रिम. मूळ रिम साडेसात इंची, तिच्यावर ३९५ चा टायर बसवू नये. त्याला दहा इंचांच्या आसपास रुंद रिम लागते. पण तशा लष्करी रिम मिळतात त्या मोठ्या ट्रकच्या, दहा नटांच्या. ड्यूसच्या हबला सहाच नट. त्यामुळे मधली डिस्क बदलून वेल्डिंग करावं लागतं. हे वेल्डिंग जाणत्या माणसाचंच हवं, त्यावर टनावारी वजन फिरणार आहे. टायर जास्त आत घेतला तर स्प्रिंगला घासतो, जास्त बाहेर काढला तर तरफेसारखा जोर बेअरिंगवर येतो. आधी मोजा, मग कापा. आणि एक गंमत: ट्रकच्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. नट सुटत नाही म्हणून पाना दाबत बसाल, तर तुम्ही तो घट्टच करत असाल.

हा भाग पुढे ढकलू नका

ड्यूसची मूळ रिम अखंड नसते. टायरची कड एक लोखंडी लॉक रिंग धरून ठेवते. आत हवा असताना ती रिंग निसटली तर तोफगोळ्यासारखी उडते. माणसं यात मेली आहेत. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत (कलम १९१०.१७७) अशा रिमसाठी वेगळं प्रकरण आहे: हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यात हवं. कमी हवेवर चाललेलं किंवा खराब दिसणारं चाक उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. गंजलेली रिंग हातोड्याने ‘जरा ठोकून’ बसवायची नाही. हे काम यूट्यूब बघून घरी करायचं नाही, बस्स.

जुने लष्करी टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३२१२ म्हणजे २०१२ चा ३२ वा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं.

मग लावावेत की नाही?

लावा, पण सैन्याने केलं तसं. १९९० च्या दशकात त्यांनी याच ट्रकचा एम-३५ए३ केला. त्यातही दहाचे सहा टायर झाले, १४.५ आर २०. पण सोबत नवं कॅटरपिलर इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चालता चालता हवा बदलण्याची यंत्रणाही आली. नुसते टायर बदलले नाहीत, त्यांच्या मागचं सगळं बदललं.

तुमच्या जीपला किंवा बाइकला एक माप मोठा टायर घ्यायचा विचार असेल, तरी गणित हेच आहे. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे; कंपनीच्या मूळ मापाबाहेर गाडीत फेरफार करता येत नाहीत. तेव्हा दुकानात जाण्याआधी व्यास मोजा, टक्केवारी काढा, आणि ब्रेकला विचारा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!