साडेबावीस

फळ्यावर दोनच आकडे आहेत: २२.५ आणि २२.४५. खिडकीबाहेर गिरडची टेकडी, वर शेख फरीदबाबांचा दर्गा. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तरी सहावीच्या वर्गात अठ्ठावीस मुलं हजर आहेत. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो आहे.

"दोघीजणींनी दिवसभर कापूस वेचला. काट्यावर हे आकडे आले. जास्त कोणाचा?" मॅडम विचारतात. लगेच हात वर होतात. "हात नको. दगड ठेवा."

प्रत्येकाच्या मुठीत एकेक गोटा आहे. टेकडीवर सापडणारे हे गोटे कुणाला सुपारीसारखे दिसतात, कुणाला जायफळासारखे. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले, अशी इथली कथा; भूगर्भशास्त्राच्या लेखी त्या झिओलाइट खनिजाच्या गाठी. आज त्यांच्यावर मतदान चाललं आहे. टेबलावर खडूनं दोन गोल काढलेत. मुलं रांगेनं येतात, दगड ठेवून जातात. २२.४५ च्या गोलात एकोणीस, २२.५ च्या गोलात नऊ.

"काहून?" मॅडम विचारतात. पुढच्या रांगेतला मुलगा उठतो. "पंचेचाळीस मोठा न मॅडम, पाचापेक्षा!"

मॅडम 'बरोबर'ही म्हणत नाहीत, 'चूक'ही नाही. "हा काय म्हणाला ते दुसऱ्या कोणी सांगा." एक मुलगी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत मांडते. "आता शेजाऱ्याशी बोला." वर्गात मधमाशांचं पोळं फुटतं. माझ्या जिभेवर मात्र आमच्या वेळचा तोडगा वळवळतो आहे: पाचापुढे शून्य द्या, दोन्हीकडे आकडे सारखे करा, संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी जीभ दाताखाली धरतो.

मॅडम टाळी वाजवतात, पुन्हा तोच प्रश्न टाकतात आणि गप्प राहतात. मी मनात मोजतो: एक, दोन, तीन... सात. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, कारणं येऊ लागतात. ऐकायला तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. वर्गात बसून बघावं, किती अवघड जातं.

खिडकीजवळची मुलगी न उठताच बोलते. "मॅडम, बावीस पॉइंट पाच म्हणजे साडेबावीस न? मंग ते दुसरं साडेबावीसले पन्नास ग्रॅम कमी हाय." मायच्या वजनाची वही घरी तीच लिहिते, हे नंतर कळतं.

दगड हलू लागतात. चार, मग सहा. पुढच्या रांगेतला तो मुलगा मात्र आपल्या दगडावर बोट ठेवून उभा. "काट्यावर तं पाचच दिसते. पाचशे ग्रॅम कुठून आणले?"

सगळ्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न हाच, आणि तो हरणाऱ्या बाजूनं आला आहे. मुलगी अडखळते. 'साडे' तिला ठाऊक आहे, त्याचं कारण नाही. तिच्या मदतीला मागून एक आवाज येतो: "किलोचे दहा भाग कर. एक भाग शंभरचा." पोरगा बोटांवर मोजतो: शंभर, दोनशे, तीनशे... पाचाला थांबतो. स्वतःच जाऊन फळ्यावर २२.५० लिहितो, दगड उचलतो, पलीकडे ठेवतो. माझं शून्य त्याला कुणी न देता सापडलं.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. त्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांची भीतीही गेली असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण शब्द अजून घराघरांत आहेत, आणि पुस्तकातल्या दशांश चिन्हाची त्यांच्याशी सहसा कोणी ओळख करून देत नाही. याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि हातकामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. तिथं हिशेब सुताबरोबर यायचा: १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे लटी ही पाव गुंडीच. इथं टकळी नाही, काटा आहे, कापूस तोच.

"म्हंजे आकडे कमी तो मोठा?" कुणीतरी विचारतं. मॅडम २२.५ शेजारी २२.७५ लिहितात. "पावणेतेवीस!" वर्ग ओरडतो. तो वाद तिथंच मिटतो.

पण तो पुढच्या रांगेतला अजून उभाच आहे. बावीस पॉइंट पाच आणि बावीस पॉइंट पन्नास एकच निघाले, म्हणून तो पुढची पायरी चढला आहे. "मॅडम, म्हंजे पॉइंटच्या पुढं शून्याले किंमतच नाई."

मॅडम त्याच्याकडे बघतात. काही न बोलता खडू उचलतात आणि लिहितात: २२.०५. खाली पुन्हा दोन गोल: 'साडेबावीसएवढाच' आणि 'वेगळा'. दगड पडू लागतात. यावेळी खिडकीजवळची मुलगीही घुटमळते, दगड एका मुठीतून दुसऱ्या मुठीत करते. तेवढ्यात घंटा होते. खिचडी.

"दगडांना हात लावायचा नाही. जेवून येऊन बघू," मॅडम म्हणतात.

व्हरांड्यात ताटं घेऊन रांग लागते. मी सर्वांत मागे. पुढे ती दोघं.

"तुह्या मायले साडेबावीस भरलं, अन् काट्यानं बावीस पॉइंट शून्य पाच दाखवलं, तं?"

"तं मी काटेवाल्याशी भांडीन."

"काहून? शून्याले तं किंमत नाई."

ती ताट पुढे करते. खिडकीतून टेबल दिसतं का, म्हणून एकदा मान वळवून बघते.