गॅमा किरणांचे झोत

करार झाला म्हणजे विश्वास उत्पन्न होतोच असें नाहीं. १९६३ सालीं अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट रशिया यांनीं वातावरणांत, जलाखालीं व अंतराळांत अणुस्फोट न करण्याचें ठरविलें. आणि त्याच वर्षीं अमेरिकेनें ‘वेला’ नामक उपग्रहांची पहिली जोडी पहाऱ्यास धाडली. अणुस्फोटांतून निघणारे गॅमा किरण टिपणें हें त्यांचें एक काम.

२ जुलै १९६७ रोजीं या मालिकेंतील उपग्रहांनीं असा एक झोत टिपला. पण त्याचा चढउतार अणुस्फोटाचा नव्हता! मग त्याचा उगम कोठला? प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो. उपग्रह परस्परांपासून पुष्कळ दूर असले, तर तोच झोत एकास किंचित् आधीं व दुसऱ्यास किंचित् मागाहून गांठतो. त्या फरकावरून दिशेचा अदमास काढतां येतो. या युक्तीनें क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनीं १९६९ ते १९७२ मधील १६ झोत तपासले, आणि पृथ्वी व सूर्य दोघेही निर्दोष सुटले. हा वृत्तांत १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. अंतर कळावयास मात्र १९९७ साल उजाडावें लागलें. ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहानें जागा दाखविलेल्या एका झोताच्या मावळत्या प्रकाशावरून तो कित्येक अब्ज प्रकाशवर्षांवरून आल्याचें ठरलें.