चेहऱ्यावरचे व्रण आणि लग्नाची तिथी

तुळशीच्या लग्नानंतर यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठांत दोन हंगाम एकदमच भरास येतात. एक कापसाचा, दुसरा सोयरिकींचा. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद येथील व्यापारी घरांत बायोडाटा तयार होतो, फोटो काढला जातो आणि मुरुमांनी गालावर मागे ठेवलेले खड्डे अचानक साऱ्या घराच्या चर्चेचा विषय बनतात. मग कोणीतरी सुचवते, ‘लेझर करून घ्या, महिनाभरात चेहरा स्वच्छ होईल.’ फसगत होते ती या ‘महिनाभरात’ शब्दामुळे.

व्रणांसाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर महाराष्ट्राला परका नाही. बारामतीत १९३८ साली जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये त्याचा शोध लावला. त्याचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो. त्वचेच्या पेशींत पाणीच अधिक असल्याने किरण पडेल तेथील सूक्ष्म भागाची क्षणार्धात वाफ होते. पूर्वी त्वचेचा संपूर्ण वरचा थर काढला जाई. आता प्रचलित असलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत केवळ बारीक छिद्रे पाडली जातात व मधली त्वचा निरोगी राहते. तिच्या आधाराने जखम भरते आणि आत नवे कोलॅजन तयार होऊ लागते.

हे कोलॅजन तयार होण्यास महिने लागतात. साधारणतः चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन किंवा अधिक बैठका होतात आणि अखेरच्या बैठकीनंतरही काही महिने सुधारणा होत राहते. व्रण उथळ होतात. पूर्णपणे नाहीसे होतीलच असे नाही. गोरेपणाशी तर या उपचाराचा काहीही संबंध नाही.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अधिक तीव्रतेचा किरण पडला किंवा नंतर ऊन लागले, तर खड्ड्यांच्या जागी काळे डाग उमटू शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही जोखीम वाढते. म्हणून वैशाखात लग्न असेल तर उपचाराचा विचार आदल्या चातुर्मासातच व्हावा. पर्युषणातील उपवास, आयंबिल किंवा नित्याचा चौविहार असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे बैठकीचा दिवस व औषधांच्या वेळा त्यानुसार ठरवता येतात.

त्यापूर्वी नवे मुरूम येणे थांबलेले असावे. जखमेनंतर गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती असल्यास, किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असल्यास, तेही लपवू नये. पहिला सल्ला यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी किंवा पात्रताधारक त्वचारोगतज्ज्ञाकडे घ्यावा. खर्च एका बैठकीचा नव्हे, संपूर्ण उपचाराचा विचारावा. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे टाळावीत. त्यांनी चेहरा काही दिवस उजळ दिसतो, पण त्वचा पातळ होते आणि मुरूम बळावतात. अशी १४ स्टेरॉइडे २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीविना विकण्यास मनाई असलेल्या यादीत घातली, ती याच कारणाने.

आणखी एक प्रश्न घरातच विचारायचा असतो: उपचार हवा आहे तो कोणाला? मुलीला किंवा मुलाला स्वतःला हवा असेल, तर तो अवश्य व सवडीने करावा. केवळ पाहुणे येणार म्हणून त्यांच्यावर तो लादू नये. श्वेतांबर परंपरेत मल्लीकुमारीची कथा आहे. तिच्या रूपावर मोहित झालेल्या सहा राजांसमोर तिने आपलीच हुबेहूब सुवर्णप्रतिमा उभी केली आणि तिच्या पोकळीत रोज टाकलेल्या अन्नाची दुर्गंधी झाकण उघडून त्यांना दाखवली. ही कथा उपचार घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला ऐकवायची नसते. तिने ती राजांना ऐकवली होती. आजही ती मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठीच आहे.