मुलाला निरोप्या करू नका

नवरा-बायकोचे पटत नाही. दोन्हीकडची माणसे जमतात, बैठक बसते आणि शेवटी वेगळे व्हायचे ठरते. खोली कोणाकडे, भांडी कोणाची, लग्नाच्या खर्चाचे काय, सगळ्यावर बोलणे होते. मुले पोटमाळ्यावर बसून ऐकत असतात, पण त्यांच्याशी कोणी बोलत नाही. “लहान आहे, त्याला काय कळतंय?”

दहा बाय बाराच्या खोलीत मुलापासून काही लपत नाही. त्याला कळते, पण अर्धवट. उरलेले ते स्वतःच्या मनाने जुळवते. लहान मूल तर बऱ्याचदा असेच समजते की, मी त्रास दिला म्हणून पप्पा गेले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. घटस्फोट हा कलंक नाही. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मांडला होता. ते बिल रखडले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हा हक्क आला आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. मारझोडीच्या घरातून मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईला “मुलांसाठी तरी सहन कर” असे सांगू नका. आईला रोज मार खाताना पाहणे, ही मुलालाही इजाच आहे.

आईबाप वेगळे झाले म्हणून मूल बिघडतेच असे नाही. बहुतेक मुले हळूहळू सावरतात. जिथे वेगळे होऊनही भांडण संपत नाही, तिथे मुलाचे सावरणे लांबते. कारण ते भांडण आता मुलाच्या तोंडून चालते. “तुझ्या बापाला सांग, पैसे टाक.” “आई फोनवर कोणाशी बोलते रे?” “खरं सांग, तुला मी पाहिजे की ती?” पैशाचे, कोर्टाचे जे काही असेल ते मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. समोरासमोर जमत नसेल तर मामा, काका किंवा दोघांच्या विश्वासातले माणूस मध्ये घ्या. मुलाच्या हाती निरोप देऊ नका.

मुलाला काय सांगायचे?

शक्य असेल तर दोघांनी मिळून, साध्या शब्दांत सांगा : “आम्ही दोघं आता वेगळं राहणार. हे मोठ्यांचं आहे, तुझ्यामुळे झालेलं नाही. आई तुझी आईच आहे, पप्पा तुझे पप्पाच आहेत.” मग त्याच्या रोजच्या गोष्टी सांगा. झोपायचे कुठे, शाळा तीच की दुसरी, भेट कोणत्या वारी. पाळता येणार नाही असा वार सांगू नका. दारात वाट पाहत बसलेल्या मुलाला “येणार नाही” हे आधी कळलेले बरे. तेच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारेल, तेच उत्तर शांतपणे द्या. मात्र ज्याच्यापासून मुलाला धोका आहे, त्याच्याशी भेट जबरदस्तीने घडवू नका. कोर्टाला तसे सांगा.

वयाप्रमाणे लक्ष द्या

तीन ते पाच वर्षे : सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, मूल आईचा पदर सोडत नाही. ओरडू नका, चार मुलांत लाजवू नका. लघवीला जळजळ, ताप किंवा फार तहान असेल तर लघवी तपासून घ्या.

सहा ते अकरा वर्षे : शाळेच्या वेळी पोट दुखते, डोके दुखते. हे नाटक नाही, दुखणे खरे असते. आधी दवाखान्यात दाखवा. तपासणीत काही निघाले नाही तर गंडा-दोऱ्याच्या मागे न लागता मुलाशी बोला. वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

बारा ते अठरा वर्षे : चिडचिड, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणे, गुटखा, अभ्यास सुटणे. इथे मोठी माणसेच दोन चुका करतात. मुलाला म्हणतात, “आता तूच घरातला कर्ता,” आणि शाळा सोडून तो कामाला लागतो. मुलीवर स्वयंपाक आणि धाकटी भावंडे पडतात; मग “बापाविना पोर आहे, लवकर उजवून टाका” सुरू होते. अठराच्या आत लग्न गुन्हा आहे. घर मोडले म्हणून तिचे शिक्षण मोडता कामा नये.

मूल “मरून जावंसं वाटतं” म्हणाले, हाताला ब्लेड मारून घेऊ लागले, तर धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका. उंदराचे औषध, फिनेल, गोळ्या घरातून हलवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या.

शेजाऱ्यांसाठी

नळावर, विहारात मुलाला “तुझा बाप येतो का रे?” असे विचारू नका. जेवलास का, अभ्यास झाला का, एवढेच विचारा. आई कामावरून उशिरा येत असेल तर तासभर त्याला आपल्या घरी बसू द्या.

मदत कुठे मिळेल?

नुसती स्टॅम्पपेपरवर लिहिलेली फारकत सहसा कोर्टात टिकत नाही आणि मुलांच्या खर्चाचा प्रश्नही लोंबकळत राहतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, तसेच कोणत्याही स्त्रीला व मुलाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांना मुलाबद्दल मोकळेपणाने सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. दोन्ही फोन मोफत आहेत आणि रात्रीही उचलले जातात. मोठ्या मुलांना हे दोन नंबर पाठ करायला सांगा.