जुन्या जीपगाडीचे काटे

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ वाड्यांतून अद्यापि जुनी जीपगाडी उभी असलेली दिसते. बियाणें, खत, मजूर आणि प्रसंगीं आजारी माणूस, या सर्वांचें ओझें तीच वाहते. अशा गाडीच्या दर्शनी फळीवरील काटे बहुधा मेलेले असतात, आणि मालक अभिमानानें सांगतात कीं, इंजिनाच्या आवाजावरूनच आम्हांस सर्व कळतें. आम्हीही असेंच म्हणत असूं.

तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत तुरीचीं पोतीं घेऊन आम्ही नांदेडहून लातूरच्या आडतींत निघालों होतों. लोहा मागें पडलें, बालाघाटाची चढण लागली आणि उष्णतेचा काटा शेवटच्या रेघेस टेकला. अहमदपूर गांठून पाहूं, असा विचार आम्हीं केला. थोड्या वेळानें काटा आपोआप खालीं आला व आम्हांस हायसें वाटलें. त्यानंतर दोन मैल गेलों नाहीं तोंच इंजिन जागच्या जागीं आवळलें. रेडिएटरची रबरी नळी फाटून पाणी सर्व वाहून गेलें होतें. काट्यास खबर देणारें खुंटीवजा उपकरण पाण्यांत बुडालेलें असावें लागतें. पाणी संपल्यावर त्यास नुसती हवा लागली, म्हणून काटा उतरला. दुरुस्तीस त्या खेपेच्या निम्म्याहून अधिक पैसे गेले. तेव्हां चढलेला काटा एकाएकीं उतरला तर गाडी तत्काळ उभी करून इंजिन बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये व तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये.

आतां काटाच बिघडला असेल तर तें कसें ओळखावें? इंधनाचा काटा घ्या. टांकींत एक तरंगा असतो. तो वर-खालीं झाला म्हणजे विजेचा अडथळा कमीजास्त होतो व त्याप्रमाणें काटा हलतो. किल्ली चालू करून टांकीवरील तार काढावी. काटा एका टोकास जाईल. तीच तार गाडीच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडास क्षणभर लावावी. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकूं लागेल. कोणत्या गाडींत कोणतें टोक, हें निरनिराळें असतें. काटा असा दोन्हीकडे गेला तर मीटर व तार निर्दोष असून दोष तरंग्यांत, किंवा बहुधा त्याच्या अर्थिंगमध्यें असतो. गंज घासून एक वेगळी तार तेथून चासीस जोडली कीं पुष्कळदां काम होतें. काटा मुळींच हलला नाहीं तर तार उंदरांनीं कुरतडली आहे काय, हें आधीं पाहावें. कडब्याच्या गंजीजवळ उभ्या असणाऱ्या गाडींत हें नित्याचें आहे. मात्र इंधन गळत असेल वा वास येत असेल, तर तेथें ठिणगी पडेल असें कांहींएक करूं नये.

इंधन व उष्णता हे दोन्ही काटे एकदमच चुकूं लागले तर दोन्ही मीटर बदलूं नयेत. एका मिस्त्रीनें आम्हांस तसे बदलावयास लाविले व पैसे व्यर्थ गेले. महसूल खात्यांत आम्ही असतांना दोन तक्त्यांत एकच चूक आढळली म्हणजे ज्या मूळ कागदावरून दोन्ही उतरले तो कागद काढीत असूं. येथेंही तसेंच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांस एकाच लहान डबींतून सुमारें १० व्होल्टची वीज मिळते. ती डबी बंद पडली तर दोन्ही काटे पडून राहतात. तिनें बॅटरीची वीज तशीच सोडली तर दोन्ही अधिक दाखवितात. आधीं फ्यूज, मग फळीमागील अर्थिंग, मग ही डबी, असा क्रम ठेवावा. फळीमागें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार काढावी.

तेलाच्या दाबाचा काटा पडला तर मात्र मीटरवर संशय घेण्याची घाई करूं नये. इंजिन बंद करून तेल मोजावें आणि मिस्त्रीकडून दुसरें दाबमापक लावून खात्री करावी. तोंपर्यंत गाडी चालवूं नये. कांहीं जुन्या गाड्यांत या मीटरला वीज लागतच नाहीं. बूर्दों नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४९ सालीं काढलेली वाकडी नळी त्यांत असते. तेलाच्या दाबानें ती किंचित् सरळ होते व काटा फिरवते.

वेगाचा काटा नाचत असेल तर बहुधा केबल कोरडी पडलेली वा मुरडलेली असते. अजिबात उठत नसेल तर ती तुटलेली असते. वंगण केबलीस बेतानेंच लावावें, नाहींतर तें मीटरमध्यें चढतें.

आमच्या गाडीचा इंधनकाटा अजून थोडें अधिकच दाखवितो. टांकी रिकामी करून पांच-पांच लिटर भरीत गेलों, प्रत्येक वेळीं काटा कोठें थांबतो तें लिहून घेतलें आणि तो कागद फळीवर चिकटविला आहे.