छोट्या संगणकावरील अतिरिक्त भार : कारणे व उपाय

बागेतील तापमान, आर्द्रता व पानांवरील ओल यांची नोंद ठेवण्यासाठी 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा संगणक काही ठिकाणी वापरला जातो. इंग्लंडमध्ये तयार झालेला हा संगणक २०१२ साली विक्रीस आला. त्यास वीज थोडी लागते. तशीच त्याची शक्तीही बेताची असते. गोऱ्ह्याकडून थोराड बैलाच्या कामाची अपेक्षा करू नये, हे येथेही लागू आहे.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका द्राक्षबागेत ऐन फुलोऱ्यात पहाटेच्या नोंदी रोज तुटू लागल्या. पाने किती वेळ ओली राहिली हे न कळल्यामुळे केवड्याच्या फवारणीचा निर्णय बागायतदारास अंदाजाने घ्यावा लागला. नवा संगणक घ्यावा असे बहुतेकांचे मत पडले. तत्पूर्वी प्रोसेसर कशात गुंतला आहे ते पाहावयाचे आम्ही ठरविले.

'टॉप' ही आज्ञा दिली असता चालू प्रोग्राम व प्रत्येकाने व्यापलेला प्रोसेसरचा हिस्सा टक्क्यांत दिसतो. सर्वांत भारी प्रोग्राम वरच्या ओळीत असतो. चार कोर असलेल्या यंत्रात १०० टक्के म्हणजे एकच कोर पूर्ण गुंतला असे समजावे. चारही गुंतल्यास बेरीज ४०० होते. बागेतील यंत्र एकाच कोरचे होते आणि नोंद घेणारा प्रोग्रामच शंभराच्या जवळ पोहोचला होता. दोन नोंदींच्या मध्ये विश्रांती ठेवावयाचे लिहिणाऱ्याच्या ध्यानातून राहिले होते. त्यामुळे प्रोग्राम क्षणाचीही उसंत न घेता तेच ते वाचीत होता. अशा भारामुळे विजेचा खर्च वाढून सौर पॅनेलवर भरलेली बॅटरी पहाटेपूर्वीच संपत असे. म्हणजे पाने ओली असतात नेमक्या त्याच वेळी. पाच मिनिटांच्या विश्रांतीची एक ओळ घालताच भार उतरला व नोंदी अखंड मिळू लागल्या.

प्रत्येक वेळी दोष प्रोग्रामचाच असतो असे नाही. प्रोसेसर मोकळा असूनही यंत्र रखडत असेल आणि 'टॉप'मधील 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा असेल, तर मेमरी कार्ड मंद किंवा खराब झाल्याचा संशय घ्यावा. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास यंत्र आपला वेग स्वतःच कमी करते; सबब बंद पेटी उन्हात ठेवू नये. वीज अपुरी पडल्यासही वेग घटतो. यास बहुधा बारीक व लांब वायर कारणीभूत असते.

अनोळखी प्रोग्राम आढळल्यास तो घाईने बंद करू नये, कारण अद्ययावतीकरण चालू असतानाही काही काळ भार वाढतो. तासाभरानेही भार न उतरल्यास मात्र जाणकारास दाखवावे. मूळ पासवर्ड न बदललेल्या अशा यंत्रांत शिरून आभासी चलन मिळविणारा एक घातक प्रोग्राम २०१७ साली उघडकीस आला होता. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. यंत्र बंद करताना प्रथम तशी आज्ञा द्यावी व नंतरच वायर काढावी. अन्यथा कार्डावरील नोंदी बिघडण्याचा संभव असतो.